मद्यगृहातली दोन गाणी आणि एकच चाल: ही चोरी म्हणावी का?

वेताळटेकडी

सर्वांना नमस्कार. गेले काही महिने रात्रीची जेवणे उरकली की मी अमेरिकेतील जुने कंट्री संगीत ऐकत बसतो. या संगीताचा मी अभ्यासक नाही, केवळ श्रोता आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

गेल्या आठवड्यात दोन गाणी लागोपाठ कानांवर पडली. पहिले हँक थॉम्प्सनचे ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ आणि दुसरे किटी वेल्सचे ‘इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’. ही दोन्ही १९५२ साली गाजली आणि दोन्ही हाँकी-टाँकची आहेत, म्हणजे जिथे दारू मिळते, नाणे टाकून गाणी वाजतात आणि लोक नाचतात अशा गुत्त्याची. पहिल्यात एक पुरुष तक्रार करतो आहे की त्याची बायको घर सोडून त्या झगमगाटाकडे निघून गेली, आणि अशा बाया देवानेच घडवल्या असाव्यात अशी त्याची समजूत झाली आहे. दुसऱ्यात एक स्त्री गाते आहे आणि ठिकाण तेच आहे.

मला शंका आली म्हणून मुलीची हार्मोनियम काढली आणि काळी एक धरून दोन्ही चाली वाजवून पाहिल्या. पहिल्याचे शब्द दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे पहिल्यावर असे बसले की एक मात्राही इकडची तिकडे झाली नाही. श्रेयनामावली पाहिली तर पहिल्यावर आर्ली कार्टर आणि विल्यम वॉरन यांची नावे आहेत आणि दुसऱ्यावर एकट्या जे. डी. मिलरचे. एकाच वर्षात, एकाच विषयावर, एकाच चालीत दोन गाणी येतात आणि दोन्ही लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचतात, तरी कोणाला काहीच गैर वाटले नाही का? मला तर ही उघड चोरी वाटते. जाणकारांचे मत ऐकायला आवडेल.

पानसुपारी

दोन्ही गाण्यांत दारू एकाच दुकानातली असेल, तर झिंगही एकाच चालीत चढणार, त्यात गीतकाराचा दोष काय?

नाशिककर_ऑस्टिन

वेताळटेकडी, तुमचा कान पक्का आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. दुसरे गाणे हे पहिल्याला दिलेले उत्तर आहे आणि ते त्याने कुठेही लपवलेले नाही. किटी वेल्सच्या गाण्यातील स्त्री ज्यूकबॉक्सपाशी बसलेली आहे, त्या ज्यूकबॉक्सवर थॉम्प्सनचेच गाणे वाजते आहे आणि ते ऐकून तिला राग येतो, अशीच त्या गाण्याची सुरुवात आहे. मूळ गाण्याचे नाव ती पहिल्याच कडव्यात घेते. चोर ज्याच्या घरात शिरला त्याचा पत्ता सदऱ्यावर छापून हिंडत नाही.

तिचे म्हणणे थोडक्यात असे आहे की अशा बाया देवाने घडवलेल्या नाहीत. लग्न झालेले असूनही स्वतःला एकटे म्हणवून घेणाऱ्या पुरुषांनी त्या घडवल्या आहेत. हे म्हणणे पहिल्या गाण्याच्या चालीत म्हटले म्हणूनच ते झोंबते. वेगळ्या चालीत म्हटले असते, तर ती केवळ आणखी एक रडकथा झाली असती. त्या काळात इथे गाजलेल्या गाण्याला असे उत्तर देणारी गाणी निघण्याची पद्धतच होती.

तिसरी_घंटा

यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने सवाल टाकला की दुसरी बाजू जवाब बहुधा त्याच चालीत बांधते, कारण समोरच्याची चाल पेलून त्यालाच निरुत्तर करण्यात शाहिराची खरी परीक्षा असते. जवाब देणाऱ्याने चाल चोरली असे फडात कोणी म्हटले, तर लोक त्यालाच हसतील.

वेताळटेकडी

नाशिककर, ज्यूकबॉक्सचा तो उल्लेख माझ्या ध्यानात आला नव्हता. आत्ता पुन्हा ऐकले, तुम्ही म्हणता तसेच आहे. तिसरी_घंटा यांची तुलनाही पटली. तरी माझी एक अडचण शिल्लक आहे. फडात जवाब देणाऱ्या शाहिराला त्या रात्रीची बिदागी मिळते आणि विषय तिथेच संपतो. इथे तबकड्या विकल्या गेल्या, प्रत्येक तबकडीमागे गीतकाराला पैसे मिळाले, आणि चाल ज्यांची होती त्या कार्टर-वॉरन यांची नावे मात्र दुसऱ्या तबकडीवर नाहीत. उत्तर देण्याचा हक्क मला मान्य आहे. चालीचे भाडे कोणी भरले, एवढेच मला विचारायचे आहे.

शुद्धकल्याण

चाल ज्यांची होती असे आपण म्हणता, तिथेच खरी गोम आहे, कारण ती कार्टर-वॉरन यांचीही नव्हती.

आपण हार्मोनियम काढलीच आहे, तर आणखी दोन गाणी वाजवून पाहावीत. कार्टर फॅमिली या गायक कुटुंबाने (वरचा गीतकार कार्टर वेगळा) १९२९ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘आय अ‍ॅम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’ हे एक, आणि रॉय एकफने १९३६ साली गायलेले ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हे दुसरे. या दोन्हींची चाल तीच आहे. पहिले समुद्रापार गेलेल्या प्रियकराच्या विरहाचे आहे. दुसरे चक्क धार्मिक आहे. बायबलमधील यिर्मयाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नवव्या वचनात ठिपकेदार पक्ष्याचा उल्लेख येतो, त्यावर ते बेतलेले आहे, आणि त्याचे शब्द गाय स्मिथ नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणून ओळखले जातात. म्हणजे ज्या चालीत १९३६ साली देवाचे नाव घेतले जात होते, त्याच चालीत १९५२ साली देवावर आळ घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याच चालीत देवाची निर्दोष सुटकाही झाली.

आता चालीची घडण पाहू. पहिल्या ओळीत ती षड्जाच्या कॉर्डवरून मध्यमाच्या कॉर्डवर जाते, दुसऱ्या ओळीत पंचमावरून फिरून षड्जावर येते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत हाच फेरा पुन्हा होतो. एवढ्यावर सगळे गाणे उभे आहे. हाताशी एक गिटार आणि तीन कॉर्ड असलेला कोणीही माणूस पहिल्या ऐकण्यात साथ धरू शकतो. अशी चाल कोणा एकाच्या प्रतिभेचे अपत्य असण्यापेक्षा कित्येक गळ्यांतून झिजून गुळगुळीत झालेली असण्याचा संभव अधिक आहे.

मृद्गंध

शुद्धकल्याण, तुमची माहिती मोलाची आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. तीन कॉर्ड सारखे असणे वेगळे आणि सबंध चाल सारखी असणे वेगळे. तीन कॉर्डवर हजारो गाणी आहेत आणि ती ऐकताना आपण एकमेकांत घोळत नाही. इथे चारही गाण्यांचा चढ-उतार, थांबण्याच्या जागा आणि ओळीचा शेवट एकच आहे. त्यामुळे “झिजून गुळगुळीत झालेली” असे म्हणून विषय मिटत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी ती जाणूनबुजून उचलली आहे आणि प्रत्येक वेळी तबकडीवर नवे नाव छापले आहे. लोकसंगीत हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे सगळे लोकांचे, आणि ते लोकांचे म्हणून पहिल्या हुशार माणसाचे!

पानसुपारी

ताईंच्या या शेवटच्या वाक्यावर आमच्या गावच्या गायरानाचा सबंध इतिहास लिहिता येईल.

कलम_बावन्न

माझे टोपणनाव आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ज्या कलमावरून घेतले आहे, ते कलम कॉपीराइटचा भंग कशाला म्हणू नये ते सांगते, त्यामुळे दोन शब्द लिहिणे भाग आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. चौर्य हा नीतीचा शब्द आहे. दुसऱ्याचे आपले म्हणून मिरवले की चौर्य झाले, मग ती वस्तू कायद्याने मोकळी असली तरीही. कॉपीराइटचा भंग हा कायद्याचा शब्द आहे आणि मूळ वस्तूवर कोणाचा तरी जिवंत हक्क असल्याखेरीज तो होऊच शकत नाही. अमेरिकेत वादीला साधारणपणे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. प्रतिवादीपर्यंत मूळ गाणे पोहोचले होते ही एक, आणि ज्या भागाला संरक्षण आहे त्या भागात ठळक साम्य आहे ही दुसरी. ‘ज्या भागाला संरक्षण आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मद्यगृह, ज्यूकबॉक्स, सोडून गेलेली बायको, पेल्यात पडणारे अश्रू यांवर कोणाची मालकी नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितले की कल्पनेवर आणि विषयावर हक्क नसतो, तो मांडणीवर असतो.

चालीच्या बाबतीत न्यायालये दोन्ही टोकांना गेलेली आहेत. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनला ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्यासाठी जबाबदार धरले, आणि तेही त्याने नकळत, सुप्त मनातून ‘ही इज सो फाइन’ची चाल उचलली असे म्हणून. याउलट २०२० साली लेड झेपलिन या रॉक वाद्यवृंदावरील खटल्यात अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. तिथे वाद ज्या उतरत्या स्वरावलीचा होता, तशा स्वरावली संगीतात शतकानुशतके वापरात आहेत. प्रस्तुत प्रकरणात १९५२ चा वादी उभा राहिला असता, तर प्रतिवादीच्या वकिलाने फक्त १९३६ ची आणि १९२९ ची तबकडी न्यायालयात वाजवली असती. त्यानंतर वादीने कोणत्या तोंडाने चाल आपली म्हणावी?

मृद्गंधताईंचा आक्षेप नीतीचा आहे आणि तो मला मान्य आहे. मी केवळ कायद्याची बाजू मांडली.

कृष्णाकाठ

मी आता ७४ वर्षांचा आहे. ज्यूकबॉक्स हा शब्द वाचून मुंबईतील इराण्याचे हॉटेल आठवले. तिथे आम्ही कॉलेजची मुले एका चहावर तासभर बसत असू आणि चार आण्यांचे नाणे कोणी टाकायचे यावरून वाद घालत असू. आत तबकड्यांची उभी चवड, बटण दाबले की एक यांत्रिक हात तबकडी उचलून आडवी ठेवायचा, आणि सुई टेकताना होणारी ती खरखर गाण्याइतकीच आवडायची.

विषयाशी संबंध एवढाच की मद्यगृहातील गाणी एकमेकांसारखी का वाटतात याचे एक कारण त्या यंत्रात आहे. अमेरिकेत १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठली, त्यानंतर टेक्ससमधील तेलविहिरींच्या परिसरात आणि इतरत्र असे गुत्ते वाढले आणि प्रत्येक गुत्त्यात ज्यूकबॉक्स आला. गोंगाटात गाणे ऐकू गेले पाहिजे ही मग पहिली अट झाली. अर्नेस्ट टब या गायकाविषयी असे सांगतात की ज्यूकबॉक्सवाल्यांनी त्याच्याकडे तक्रार केली, संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली की तुमची तबकडी ऐकूच येत नाही. म्हणून त्याने साथीला विजेची गिटार घेतली, आणि १९४१ च्या त्याच्या ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ या गाण्याने तो आवाज रूढ केला. ठळक ठेका, सोपी चाल, दुसऱ्या कडव्याला सगळ्यांना म्हणता येईल असे पालुपद आणि नशेतही कळेल असा विषय, हे सगळे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे ठरले. एकाच मापाच्या भोकातून पडणारी शेव एकमेकींसारखीच दिसणार.

तिसरी_घंटा

कृष्णाकाठ काका, शेवेची उपमा चोख आहे. आजच्या गाण्यांनाही ती लागू पडते. २०१५ च्या सुरुवातीला एका माणसाने सहा लोकप्रिय कंट्री गाणी एकावर एक ठेवून वाजवलेली चित्रफीत गाजली होती. सहाही गाणी एकाच वेळी चालतात आणि कुठेही खडा लागत नाही.

मृद्गंध

पण काका, चाल गिऱ्हाइकाने ठरवली असे म्हटले, तरी गिऱ्हाईक कोण होते हेही पाहायला हवे. नाणे टाकणारा बहुतेक पुरुष होता, म्हणून तक्रारही पुरुषाचीच वाजत होती. किटी वेल्सचे गाणे त्या यंत्रात शिरले हेच मोठे होते. ध्वनिमुद्रण ३ मे १९५२ रोजी नॅशव्हिलमध्ये झाले. तेव्हा ती ३२ वर्षांची होती, मुलांची आई होती, गाणे सोडून घर सांभाळावे असे तिच्या मनात घोळत होते, आणि ध्वनिमुद्रणाचे १२५ डॉलर मिळतील म्हणून ती तयार झाली, असे तिच्याविषयीच्या लेखनात वारंवार येते. एनबीसी रेडिओने ते गाणे प्रसारणातून वगळले आणि ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावरही काही काळ तिला ते गाता आले नाही. थॉम्प्सनच्या गाण्याला असा कोणताही अडथळा आला नव्हता. ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. तिचे गाणे सहा आठवडे राहिले, आणि त्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली एकल गायिका ठरली.

म्हणून माझे म्हणणे गुंतागुंतीचे आहे, ते एका बाजूला ढकलू नये. चाल उचलणे मला खटकते, आणि तरी हे उत्तर त्याच चालीत द्यायला हवे होते असेही मला वाटते. शिवाय ज्या गाण्याने एका स्त्रीला आवाज दिला, ते लिहिले पुरुषाने आणि पैसेही त्यालाच मिळाले, ही गोष्ट चालीच्या चोरीपेक्षा मला अधिक बोचते.

फिरस्ता

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त नॅशव्हिलला चार दिवस होतो, तेव्हाचा एक प्रसंग सांगतो.

तिथे ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर एकाला लागून एक मद्यगृहे आहेत आणि दुपारपासूनच प्रत्येकात वाद्यवृंद वाजत असतो. वादकांची मुख्य कमाई बक्षिशीची. मंचाच्या कडेला एक बादली ठेवलेली असते, नोट टाकायची आणि गाण्याचे नाव सांगायचे. मी एका मद्यगृहात पाच डॉलरची नोट टाकून थॉम्प्सनच्या गाण्याची फर्माईश केली. गायक साठीचा असावा, गिटारचा पट्टा जागोजागी चिकटपट्टीने सांधलेला होता. त्याने ते गाणे म्हटले. शेवटच्या ओळीनंतर टाळ्यांसाठी न थांबता, गिटारवरचा हात न हलवता, त्याने बाजूच्या व्हायोलिनवाल्या मुलीकडे नुसती हनुवटी उडवली, आणि तिने त्याच ठेक्यात, त्याच पट्टीत किटी वेल्सचे गाणे सुरू केले. प्रेक्षकांतल्या दोन म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक ओळीला त्या गायकाकडे बोट दाखवून गाऊ लागल्या. तो मान खाली घालून अपराध्यासारखा वाजवत राहिला. हा त्यांचा रोजचा खेळ असावा. पाच डॉलरमध्ये मला दोन गाणी मिळाली आणि त्यांपैकी एकही चोरीचे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी रायमन सभागृह पाहिले. १८९२ साली ते धार्मिक सभांसाठी बांधले गेले, आणि १९४३ ते १९७४ या काळात ऑप्रीचा कार्यक्रम तिथून होत असे. बसायला अजूनही चर्चसारखी लाकडी बाके आहेत. मागच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे आणि त्या बोळात मद्यगृहांची मागची दारे उघडतात. कलाकार मंचावरून उतरून बोळ ओलांडून पेला घेत आणि पुन्हा मंचावर जात, असे तिथला मार्गदर्शक सांगत होता. शुद्धकल्याण यांनी लिहिलेली प्रार्थनागीत आणि गुत्त्याचे गाणे यांची एकच चाल मला वाचताक्षणी त्या बोळासारखी वाटली.

नाशिककर_ऑस्टिन

फिरस्ता, इथे टेक्ससमध्येही जुन्या नाचगृहांत ही दोन्ही गाणी लागोपाठ घेतात. थॉम्प्सन मूळचा इथल्या वेकोचा, त्यामुळे त्याचे गाणे आधी घेण्याचा मान इथले लोक सोडत नाहीत.

कलम_बावन्न

धागा वाचताना एक योगायोग आठवला, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘ग्रेट स्पेकल्ड बर्ड’मुळे नावारूपाला आलेल्या रॉय एकफने फ्रेड रोझबरोबर १९४२ साली नॅशव्हिलमध्ये एकफ-रोझ ही संगीत प्रकाशन संस्था काढली. पुढे ‘ओ, प्रिटी वूमन’ या गाण्याचे हक्क याच संस्थेकडे होते. ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप मंडळींनी त्या गाण्याचे विडंबन केले तेव्हा संस्थेने खटला भरला, आणि १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विक्रीसाठी केलेले विडंबनही उचित वापर ठरू शकते, कारण मूळ कृतीवर भाष्य करायचे तर तिच्यातले काही उचलावेच लागते. तोवर संस्था विकली गेली होती आणि एकफचेही निधन झाले होते, त्यामुळे त्याला व्यक्तिशः दोष देता येणार नाही. पण सर्वांच्या चालीवर उभ्या राहिलेल्या गायकाच्या नावाची संस्था उसनवारीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते, ही गोष्ट कोणा नाटककाराने लिहिली असती, तर आपण ती बेतलेली म्हटली असती.

शुद्धकल्याण

मृद्गंधताईंनी आधी म्हटले होते की ज्याचे नाव माहीत नाही त्याचे सगळे लोकांचे. त्यावर दोन दिवस विचार करत होतो आणि त्यांच्या बाजूने साक्ष देणे मला भाग आहे.

कार्टर फॅमिलीतील ए. पी. कार्टर डोंगराळ भागातील खेड्यापाड्यांत हिंडून जुनी गाणी गोळा करत असे. या फेऱ्यांत त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. सिमेंट कारखान्यातील अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिडल चाली कानांत साठवून आणी, मग घरी येऊन तो त्या कार्टर कुटुंबाला वाजवून दाखवी. गाणी नोंदली गेली ती कार्टर यांच्या नावावर. त्यांचे ध्वनिमुद्रण करणारा राल्फ पिअर हा माणूस व्हिक्टर कंपनीकडून नाममात्र वेतन घेई, कारण गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क त्याच्याकडे असत आणि खरी कमाई त्यांतच होती. म्हणूनच गाणे जुने असले, तरी त्याखाली कोणाचे तरी नाव नव्याने लागणे त्याच्या सोयीचे होते. रिडलचे नाव पुढे संशोधकांनी शोधून काढले, तोवर तीसेक वर्षे उलटून गेली होती.

आपल्या चर्चेतील चाल रिडलने आणली होती असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण ‘गळ्यांतून झिजलेली चाल’ असे मी लिहिले, तेव्हा त्या गळ्यांना नावे असू शकतात हे मी विसरलो होतो, हे मान्य करतो.

मृद्गंध

शुद्धकल्याण, आभार. चर्चेत मत बदलणारा माणूस भेटला की स्क्रीनचे छायाचित्र काढून ठेवावेसे वाटते.

पानसुपारी

मी एक भाबडा प्रश्न विचारू का? गणपतीत आपण एकाच चालीत एकामागून एक आरत्या म्हणतो, त्यांतली मूळ चाल कोणत्या देवाची आणि उसनी कोणत्या देवाची, हे कोणाला माहीत आहे काय? आमच्या सोसायटीत तरी चाल कोणतीही असो, टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण स्वतःची वेगळी चाल म्हणतो, त्यामुळे चोरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरी_घंटा

पानसुपारी यांनी थट्टेत म्हटले असले, तरी त्यात मुद्दा आहे. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ असे लिहून ती कोणत्या गाण्याची हे छापलेले असे. किर्लोस्करांच्या काळापासून ही पद्धत आहे. माझ्याकडे वडिलांच्या संग्रहातील अशी पुस्तके आहेत, पिवळी पडली आहेत आणि शिवण सुटली आहे, पण जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर ती बारीक अक्षरांतली ओळ आहे. कोणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट प्रेक्षकाला चाल आधीच ठाऊक असल्याने तो शब्दांकडे लक्ष देई. वेताळटेकडी यांना जे खटकले, ते त्या एका ओळीने मिटले असते. मिलरने तबकडीवर ‘चाल: द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ असे छापले असते, तर हा धागा निघालाच नसता.

कलम_बावन्न

आणि कार्टर-वॉरननी त्यांच्या तबकडीवर कोणाचे नाव छापले असते? ती ओळ मागे मागे नेत गेलो, तर शेवटी कोरी जागाच सोडावी लागेल.

तरी आता ही पद्धत कायद्याच्या मार्गाने आली आहे. २०२४ साली शबूझी या गायकाचे ‘अ बार साँग (टिप्सी)’ हे गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याने २०१९ च्या ‘ओल्ड टाउन रोड’च्या विक्रमाशी बरोबरी केली. विषय मद्यगृहाचाच आहे. त्याचे पालुपद जे-क्वॉन या रॅपरच्या २००४ सालच्या ‘टिप्सी’ या गाण्यावर बेतलेले आहे, आणि मूळ गाण्याच्या लेखकांची नावे नव्या गाण्याच्या श्रेयनामावलीत रीतसर आहेत. वेताळटेकडी यांनी विचारलेले भाडे इथे आगाऊ भरलेले आहे.

कृष्णाकाठ

नातवाने मला ते गाणे ऐकवले. ठेका चांगला आहे. फक्त ज्यूकबॉक्सची खरखर नाही.

वेताळटेकडी

धागा काढताना मला एका ओळीचे उत्तर अपेक्षित होते. तुम्हा सर्वांमुळे काल रात्री मी चारही गाणी काळानुसार लावून ऐकली. १९२९ च्या मुद्रणात मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवते, ते मी पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकले. एकफच्या आवाजात देवळातल्या भजन्याची कळकळ आहे. थॉम्प्सनचा आवाज इतका गुळगुळीत आहे की त्याची बायको का गेली असावी याचा अंदाज येतो. किटी वेल्स मात्र आवाज जराही चढवत नाही. भांडण तिचे असूनही ती भाजीचा भाव सांगावा तशी सरळ गाते, आणि बहुधा त्यामुळेच ते गाणे इतके लागते.

शोधताना आणखी एक सापडले. डेव्हिड अ‍ॅलन को या गायकाने १९७७ च्या एका गाण्याच्या शेवटी या चारही गाण्यांतले शब्द एका माळेत ओवून म्हटले आहेत. म्हणजे ज्याला मी पुरावा समजत होतो, तो त्या मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता आणि ते त्यावर गाणीही करत होते.

तेव्हा किटी वेल्स आणि मिलर यांच्यावरील चोरीचा आरोप मी मागे घेतो. तबकडीवरच्या नावांबद्दलची तक्रार मात्र तशीच आहे, आणि रिडलबद्दल वाचल्यापासून ती वाढली आहे.

मी चौथे गाणे लावले तेव्हा मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, एकच गाणे किती वेळा ऐकणार आहात? उद्या माझी परीक्षा आहे.”

पानसुपारी

परीक्षा हार्मोनियमची असेल, तर काळी एक तेवढी तिच्यासाठी मोकळी ठेवा.